इंजिनाला फुंकणी

चांगली चालणारी गाडी बंद कशी पाडावी, या विषयातला इंग्लंडचा अनुभव शंभर वर्षांचा आहे. त्यासाठी फार सामान लागत नाही. एक जुनी स्पोर्ट्‌स कार, तिच्यावर जीव ओवाळून टाकणारा मालक, त्याचे मोकळे शनिवार-रविवार आणि एक सुपरचार्जर. बाकीचं आपोआप होत जातं.

गाडी म्हणून एमजीबी घेऊ. दोन माणसांची, उघड्या टपाची ही गाडी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती आणि बंद टपाची जीटी धरून पाच लाखांच्या वर बनली. त्यामुळे इंग्लंडात आजही कुठल्याही गॅरेजातली ताडपत्री उचलावी, खाली एमजीबी निघण्याचा संभव दाट. इंजिन १७९८ सीसीचं, ताकद ९५ अश्वशक्ती. उभ्या जागेवरून ताशी ६० मैलांचा वेग गाठायला बारा सेकंदांच्या आसपास. १९६२ साली एवढ्यावर माणूस गळ्यात मफलर बांधून ऐटीत फिरत असे.

आता मालक. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या जातीचे इतके आहेत की एकाचं घेतलं तर बाकीचे रागावतील. वय साठीचं, नुकताच निवृत्त, हात काळे, नखं त्याहून काळी. घरी फोन आला की बायको 'गॅरेजमध्ये आहे' एवढंच सांगते आणि समोरचाही पुढे काही विचारत नाही.

तर हा मालक एका रविवारी टप उघडा टाकून डोंगराळ भागात फिरायला निघाला. चढावर त्याच्या मागून एका प्लंबरची व्हॅन आली आणि सहज पुढे निघून गेली. व्हॅनच्या टपावर शिडी होती, आत बहुधा अख्खा बॉयलर होता आणि चालवणारा पोरगा एका हाताने सँडविच खात होता. मालकाला शिडीचं दुःख नव्हतं, बॉयलरचंही नव्हतं. सँडविच त्याच्या जिव्हारी लागलं.

रात्री जेवताना त्याने विषय काढला.

"गाडीला सुपरचार्जर बसवायचा विचार आहे."

"का? काय बिघडलंय तिचं?"

"काहीच नाही."

"मग?"

या 'मग'चं उत्तर सुपरचार्जरवाल्यांच्या तीन पिढ्यांना देता आलेलं नाही. आपल्या मालकाने ते टाळून कागदी नॅपकिन पुढे ओढला आणि पेन काढलं.

मुद्दा तसा सोपा आहे. इंजिनात पेट्रोल हवं तितकं ओतता येतं; अडतं ते हवेपाशी. वातावरणाचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पौंड. त्या जोरावर जेवढी हवा सिलिंडरात शिरेल तेवढीवर इंजिनाने भागवायचं. चूल धुमसायला लागली की घरातली बाई फुंकणी हातात घ्यायची. लाकडं तीच, चूल तीच, पण वारा वाढला की भडका उठायचा. सुपरचार्जर म्हणजे ती फुंकणी. फरक इतकाच, की फुंकायच्या कामालाही चुलीलाच जुंपलेलं असतं. इंजिनाच्याच पट्ट्यावर तो फिरतो. १४.७ मध्ये त्याने ६ पौंडांची भर घातली की झाले २०.७, म्हणजे जवळजवळ १.४ पट हवा. ९५ गुणिले १.४, बरोबर १३३ अश्वशक्ती. मालकाने १३३ खाली दोन रेघा मारल्या.

नॅपकिनवर केलेला हिशेब नेहमीच बरोबर येतो. कारण दोन गोष्टी त्याच्यावर मावत नाहीत. एक म्हणजे हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा फुगते. म्हणजे जी कोंबायला निघालो तीच कमी मावते. दुसरी गोष्ट, फुंकणी फिरवायलाही ताकद लागते आणि ती याच १३३ मधून परस्पर वजा होते. बायकोला यातलं काही सांगितलं गेलं नाही. तिने फक्त किंमत विचारली. मालकाने निम्मी सांगितली. इथे कुणीही त्याच्यावर खोटेपणाचा आरोप करू नये. मालाचं पार्सल दोन खोक्यांतून येणार होतं आणि त्याने एका खोक्याची सांगितली.

ही वस्तू मुळात गाडीसाठी जन्मलीच नव्हती. अमेरिकेत इंडियाना प्रांतातल्या कॉनर्सव्हिल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस या रूट्स बंधूंनी १८६० साली तिचं पेटंट घेतलं, तेव्हा पेट्रोलवर चालणारी मोटार यायला अजून पंचवीस वर्षं होती. मध्ये बारीक आणि टोकांना फुगीर असे दोन रोटर एका पेटीत उलटसुलट दिशांनी फिरतात. दोघांत केसाएवढी फट असते. ते एकमेकांना शिवतही नाहीत आणि सोडतही नाहीत. एका बाजूची हवा उचलून दुसऱ्या बाजूला टाकायची, एवढंच त्यांना ठाऊक. ओतकामाच्या भट्ट्यांना वारा घालायला आणि खाणींत हवा खेळती ठेवायला हे यंत्र वापरत. तिथे ते सुखात होतं. पुढे कुणीतरी ते मोटारीच्या बॉनेटखाली आणलं आणि सुखाचे दिवस संपले.

१९२०च्या दशकात मर्सिडीजने आपल्या काही गाड्यांना सुपरचार्जर लावला, पण तो सदासर्वदा चालत नसे. अ‍ॅक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला की तो जोडला जाई, आणि असा किंचाळे की पुढचा वाहनवाला मुकाट बाजूला होई. जर्मन माणसाने त्यात शिस्त ठेवली होती. इंग्रजाच्या हाती ते गेल्यावर मात्र महाभारत झालं, आणि ते सांगितल्याशिवाय आपल्या मालकाची गोष्ट पुढे नेणं बरोबर नाही. कारण तो स्वतः हे महाभारत दिसेल त्याला सांगत असतो.

सर हेन्री 'टिम' बर्किन हे बेंटलीच्या शर्यतवीरांतले एक उमराव. गळ्यात ठिपक्यांचा रुमाल, बोलताना किंचित अडखळत, पण गाडीत बसले की कुठेच न अडखळणारे. साडेचार लीटरच्या बेंटलीला सुपरचार्जर लावला की जग जिंकता येईल, असं त्यांच्या मनाने घेतलं. कंपनीला नाव देणारे डब्ल्यू. ओ. बेंटली हे जातिवंत इंजिनीअर. त्यांना ही कल्पना मुळीच रुचली नाही. ताकद वाढवायची तर इंजिन मोठं करा, धडधाकट इंजिनाच्या तोंडात हवा कोंबून त्याचं वाटोळं करू नका, असं त्यांचं मत; आणि त्या मताबरहुकूम त्यांनी साडेसहा लीटरची 'स्पीड सिक्स' बनवलेलीही होती. पण कंपनीच्या तिजोरीची किल्ली होती वुल्फ बार्नाटो यांच्याकडे. त्यांनी बर्किनना होकार दिला. डब्ल्यू. ओ. यांच्या नावाच्या कंपनीत डब्ल्यू. ओ. यांचं कुणी ऐकेना.

पैसा दिला डॉरथी पॅजेट या श्रीमंत बाईंनी. त्यांना घोड्यांचाही नाद. त्यांच्या 'गोल्डन मिलर' घोड्याने १९३४ ची ग्रँड नॅशनल शर्यत मारली. वेल्विन गार्डन सिटीत कार्यशाळा उघडली. सुपरचार्जर बनवला अ‍ॅमहर्स्ट व्हिलियर्स यांनी. तो रेडिएटरच्या पुढे, गाडीच्या नाकावर बसवला. साध्या साडेचार लीटरची ताकद ११० अश्वशक्ती होती, रस्त्यावरच्या 'ब्लोअर'ची १७५ झाली आणि शर्यतीच्या गाडीची २४० च्या घरात गेली. नॅपकिन असता तर त्याच्यावरही दोन रेघा मारल्या गेल्या असत्या. ल मान्सच्या शर्यतीत उतरायचं तर तशाच पन्नास गाड्या बनवून विकायला हव्यात, असा नियम होता. त्याही बनवल्या.

१९३० साली ल मान्सच्या मैदानात बर्किननी रुडॉल्फ काराचिओलाची मर्सिडीज गाठली आणि दोन चाकं गवतावर घालून तिला मागे टाकलं. बघणाऱ्यांचे श्वास अडकले. तेवढ्यात बर्किनच्या मागच्या टायरचं वरचं रबर सोलून निघालं. पुढे चोवीस तासांत ब्लोअर गाड्या एकामागून एक बाद झाल्या, मर्सिडीजही थकून थांबली आणि शर्यत जिंकली कुणी? डब्ल्यू. ओ. यांच्या स्पीड सिक्सने. चालवायला होते तिजोरीवाले बार्नाटो. आदल्या वर्षीही स्पीड सिक्सच जिंकली होती. ज्या गाडीला फुंकणी नव्हती ती दोन्ही वेळा जिंकली आणि फुंकणीवाली एकदाही नाही. त्या वर्षअखेर पॅजेटबाईंनी हात आखडता घेतला आणि पुढच्याच वर्षी बेंटली कंपनी दिवाळखोरीत जाऊन रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली.

एवढं झाल्यावर लोकांच्या लक्षात काय राहिलं? ब्लोअर बेंटली. इयन फ्लेमिंगने १९५३ मध्ये जेम्स बाँडला पहिल्याच कादंबरीत गाडी दिली ती व्हिलियर्सच्या सुपरचार्जरची बेंटली. बर्किनची एकआसनी ब्लोअर २०१२ साली लिलावात पन्नास लाख पौंडांच्या वर गेली. आणि २०१९ मध्ये खुद्द बेंटली कंपनीने जाहीर केलं, की आम्ही ब्लोअरच्या बारा हुबेहूब प्रती बनवून विकणार. डब्ल्यू. ओ. १९७१ मध्येच गेले होते. बरं झालं म्हणवत नाही, पण त्यांना ती बातमी वाचावी लागली नाही एवढं खरं.

जुन्या गाड्यांच्या क्लबमधल्या एका जाणत्याने आपल्या मालकाला हा सगळा इतिहास समोर बसवून ऐकवला.

"यावरून तुला काय कळलं?" जाणत्याने विचारलं.

"नाकावर बसवायचा नाही," मालक म्हणाला.

शिवाय त्याच्याकडे घराण्याचा दाखला होताच. एमजीची के-३ मॅग्नेट सुपरचार्जरवालीच. इंजिन अवघं १०८७ सीसीचं. १९३३ साली इटलीच्या मिल्ले मिलियात तिने आपल्या वर्गात बाजी मारली आणि त्याच वर्षी ताझिओ नुव्होलारीने तिच्यावर अल्स्टरची टुरिस्ट ट्रॉफी जिंकली. ती गाडी स्पार्क प्लग शेंगदाण्यांच्या हिशेबात खात असे, हे वाक्य मालक वाचताना गाळतो.

पार्सल आलं. दोन खोकी दोन वेगवेगळ्या दिवशी आली हे मालकाचं नशीब. आत ईटन एम-४५ होता. बीएमडब्ल्यूच्या अमदानीतल्या पहिल्या मिनी कूपर एसमध्ये असतो तोच. प्रत्येक फेऱ्याला ४५ घनइंच हवा पुढे ढकलणारा. सोबत मॅनिफोल्ड, पुली, लांबलचक पट्टा, नटबोल्टच्या पुड्या आणि एक माहितीपत्रक. माहितीपत्रकात लिहिलं होतं, की साधी हत्यारं आणि एक शनिवार-रविवार पुरेल. कुठला शनिवार आणि कुठला रविवार, हे लिहिलेलं नव्हतं. दोन्ही एकाच वर्षातले असतील असाही खुलासा नव्हता.

पट्टा फिरवायचा तर क्रँकशाफ्टच्या टोकाला नवी पुली हवी. त्यासाठी जुनी काढायला हवी. त्यासाठी रेडिएटर काढायला हवा. रेडिएटर निघाला, पण पुलीचा भलामोठा नट निघेना. पाना फिरवला की अख्खं इंजिनच त्याच्याबरोबर फिरे. यावर गॅरेजांतला जुना तोडगा म्हणजे गाडी गिअरमध्ये टाकायची आणि कुणाला तरी ब्रेकवर बसवायचं. कुणाला तरी म्हणजे बायकोला.

"दाबलाय का?" बॉनेटच्या पलीकडून आवाज आला.

"दाबलाय."

"घट्ट?"

"मघापासून. किटली ठेवून आलेय."

"आणखी दाब!"

नट सुटला. किटली करपली. पहिला शनिवार इथे संपला.

एमजीबीच्या इंजिनाची एक खुबी आहे. चार सिलिंडर, पण हवा आत यायला दारं दोनच. सिलिंडरांनी जोडीजोडीने त्यांतून भागवायचं. धूर बाहेर जायला तीन. आणि ही पाचही दारं इंजिनाच्या एकाच बाजूला. अशा कोंदट इंजिनाला हवा ढकलून द्यावी, हा विचार म्हणूनच तितकासा वेडगळ नाही, हे मालकाच्या बाजूने कबूल केलं पाहिजे. पण एकाच बाजूला असल्याने होतं काय, की गार हवेसाठी आसुसलेला सुपरचार्जर बसतो नेमका लालभडक तापणाऱ्या एक्झॉस्टच्या डोक्यावर. आधीच हवा दाबून तापवणार, वर खालून शेगडी. मालकाने ही अडचण बराच वेळ न्याहाळली आणि एक्झॉस्टला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली. पट्टीला पहिल्यांदा तापल्यावर धूर सुटतो, हे शेजाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बादली आणली.

जुने दोन एसयू कार्ब्युरेटर उतरले, त्यांच्या जागी एकच मोठा आला. उतरलेली जोडी मालकाने पुसून, तेल लावून बिस्किटांच्या डब्यात ठेवली. बिस्किटं कुठे गेली ते कुणी विचारलं नाही.

आणि मग एके दिवशी गाडी सुरू झाली. खरं सांगायचं तर त्या क्षणी ऐकणाऱ्याच्याही अंगावर काटा यावा. इंजिनाच्या नेहमीच्या घरघरीवर एक बारीक शीळ चढते. अ‍ॅक्सिलरेटर दाबत जावं तशी ती वर सरकते आणि गाडी पाठीत हात घालून पुढे लोटते. चढावर गिअर बदलावाच लागत नाही. मालक गावाला तीन फेऱ्या घालून आला तेव्हा त्याचे केस उभे होते आणि चष्म्यावर एक माशी चिकटली होती. पुढचा आठवडाभर तो त्या डोंगराळ रस्त्यावर नसत्या वेळी जाऊन उभा राहू लागला. प्लंबरची व्हॅन काही आली नाही. शेवटी त्याने घरातला एक नळ गळतोय का, याचीही चाचपणी केली.

नळ गळत नव्हता. पण इंजिन नॉक मारायला लागलं होतं. चढावर टिणटिण, टिणटिण. तापलेलं आणि दाबलेलं मिश्रण ठिणगीची ज्वाला पोहोचायची वाट न बघता स्वतःच पेटू लागलं, की हा आवाज येतो आणि तो असाच येत राहिला तर पिस्टनला भोक पडतं. उपाय म्हणजे ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायचं आणि जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरायचं. टायमिंग मागे घेतलं तर टिणटिण थांबली, पण गाडीची रगही गेली. पुढे आणलं तर रग आली आणि टिणटिणही आली. डिस्ट्रिब्युटर हातात धरून तो जरा इकडे, जरा तिकडे फिरवायचा, एक चक्कर मारायची, परत यायचं. त्या काळात मालकाचा उजवा पंजा जेवतानाही किंचित डावीउजवीकडे फिरत असे.

मग विम्याचं काढलं. गाडीत बदल केला की विमावाल्यांना कळवावा लागतो. फोनच्या पलीकडे एक तरुण मुलगी होती, स्वभावाने गोड.

"काय बदल केलाय, सर?"

"सुपरचार्जर बसवला."

"वा! घरी बसवला की ऑफिसात?"

"गाडीत."

"गाडीतच? म्हणजे चार्जर बरोबर घेऊन फिरता? मग इंधनाच्या रकान्यात इलेक्ट्रिक लिहू ना?"

"अहो, १९७१ ची गाडी आहे!"

"हो का, सर? इतक्या जुन्या इलेक्ट्रिक गाड्याही येतात?"

टेस्लाने आपल्या चार्जिंगच्या ठाण्यांना हेच नाव दिल्यापासून जुन्या सुपरचार्जरवाल्यांचं जिणं कठीण झालंय. मालकाने तिला रूट्स बंधूंपासून समजावून सांगायला घेतलं. १८६० पासून तो ल मान्सपर्यंत पोहोचला तेव्हा मुलीने विचारलं, की गाडी रात्री कुठे लावता. हप्ता वाढला.

पण मालकाला खऱ्या अर्थाने वेड लावलं ते सुईने. एसयू कार्ब्युरेटरच्या पोटात एक पितळी सुई असते. बोटाच्या दोन पेरांएवढी, टोकाकडे निमुळती. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती वर सरकते आणि भोकातून जास्त पेट्रोल येतं. तिची जाडी दर एक अष्टमांश इंचावर ठरलेली, तीही इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत मोजलेली. अशा सुयांचे शेकडो प्रकार. त्यांना नावं नाहीत, नुसती इंग्रजी अक्षरं नाहीतर आकडे. दोन सुया शेजारी ठेवल्या तर साध्या डोळ्यांना काडीचा फरक दिसणार नाही. गाडीला मात्र दिसतो. एकीवर ती काळा धूर ओकते, दुसरीवर ठसका लागल्यागत फुटकन आवाज करते. मालक सुया मागवत राहिला. स्वयंपाकघराच्या टेबलावर भिंग घेऊन बसायचा. डाव्या हाताला सुया, उजव्या हाताला मायक्रोमीटर, मध्ये जाड्यांचा तक्ता. एक बारीक स्क्रू सैल करायचा, जुनी काढायची, नवी घालायची, खांदा पिस्टनच्या बुडाशी समपातळीत आलाय का ते नखाने चाचपायचं, स्क्रू आवळायचा, वरून पातळ तेलाचे थेंब सोडायचे, मग चक्कर. परत आल्यावर स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघायचा. तो विटकरी हवा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी आणि पिस्टनची धडगत नाही. पाहुणे आले की त्यांनाही चहाबरोबर प्लग दाखवला जाई.

"एवढ्या सुया घेऊन बसलायस," बायको एकदा म्हणाली, "तर माझ्या कोटाचं बटण तेवढं लावून दे."

क्लबमधल्या जाणत्याला हे सगळे प्रकार जुने होते. त्याच्या तरुणपणी अमेरिकेतून पेनसिल्व्हेनियाच्या जडसन कंपनीचे सुपरचार्जर येत. ते आतून कोरडे पडू नयेत म्हणून बॉनेटखाली वेगळी तेलाची बरणी टांगावी लागे आणि तिच्यात 'मार्व्हल मिस्टरी ऑइल' घालायचं असे. तेलाचं नावच ते. "त्या तेलात काय होतं ते आम्हाला कधी कळलं नाही," जाणता सांगे, "आणि ते संपलं की काय होतं ते लगेच कळायचं." ऐकणारे हसत. मालक गंभीर होऊन आपल्या ईटनची तेलाची पातळी तपासायला धावे. त्यात तेल आतच सीलबंद असतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी धावे.

सुई जमली. टायमिंगही जमलं. इंजिनाची रग पूर्णपणे चाकांकडे निघाली आणि वाटेत क्लच घसरला. साहजिकच होतं, अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याने तो ९५ अश्वशक्तीसाठी बनवलेला. दुसऱ्या बहुतेक गाड्यांत क्लच बदलायचा म्हणजे खालून गिअरबॉक्स उतरवायचा. एमजीबीत क्लच बदलायचा म्हणजे इंजिन वर उचलून गाडीबाहेर काढायचं. कारखान्यातल्या कुणाचं काय बिनसलं होतं कोण जाणे, पण ते तसंच आहे. भाड्याने हायड्रॉलिक क्रेन आली. इंजिन साखळीला लोंबकळत बाहेर आलं आणि जाताना गॅरेजच्या ट्यूबलाइटला लागलं.

बाहेर काढलेल्या इंजिनाइतकी धोकादायक वस्तू घरात दुसरी नाही. कारण ते समोर दिसलं की प्रत्येक मालकाच्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडतं: आता बाहेर काढलंच आहे, तर. हेड उघडलंच आहे तर पिस्टन बदलू, कॉम्प्रेशन थोडं कमी केलं की नॉकिंगची कटकट गेली. पिस्टन काढलेच आहेत तर बेअरिंग बघू. रेडिएटर बाहेर आहेच तर मोठा घालू. गाडी पळणारच आहे तर थांबायलाही हवी, म्हणून ब्रेक. ब्रेक काढताना मागच्या अ‍ॅक्सलजवळ गंज दिसला. गंज खरवडला तिथे पत्राच संपला. सीटमागे दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या असतात, त्यांच्या खालीही पत्रा नव्हता. त्या दोघी आजवर कशाच्या आधाराने बसल्या होत्या, याचा शोध लागला नाही.

बायकोने इथवर एक अक्षर काढलं नव्हतं. ती एकदा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. एका कोपऱ्यात इंजिन, एका कोपऱ्यात रेडिएटर, भिंतीला चार चाकं टेकलेली आणि मध्ये स्टँडवर नुसती पत्र्याची खोळ.

"सुपरचार्जर यातला कुठला?" तिने विचारलं.

मालकाने खिडकीकडे बोट दाखवलं. सुपरचार्जर एकटाच, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला, खिडकीत बसला होता. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

गाडी पुन्हा जोडली गेली. हेडचे नट क्रमाने, टॉर्क पान्यावर ४५ ते ५० चा आकडा बघत आवळले गेले. इंजिनाची ताकद मोजून देणाऱ्या एका ठिकाणी मालक तिला घेऊन गेला. पडद्यावर आकडा उमटला आणि मालकाने नॅपकिन आठवला. वर सांगितलेल्या दोन्ही वजाबाक्या तिथे झालेल्या होत्या. तरी १२५ च्या आसपास भरली म्हणताना त्याचा गळा दाटून आला. शेजारणीकडे फोर्डची फिएस्टा आहे, एक लीटरची, तीन सिलिंडरांची. तिचीही ताकद १२५ आहे, हे त्याला कुणी सांगू नये असं क्लबात ठरलंय. शेजारीण त्या गाडीतून बटाटे आणते.

उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. हिरवळीवर गाड्या ओळीने लावायच्या, बॉनेट उघडायचं, घडीची खुर्ची टाकून शेजारी बसायचं आणि थर्मासमधला चहा प्यायचा. गाडी चालवण्याशी याचा संबंध नाही. परीक्षक आले, बॉनेटमध्ये वाकून बघितलं आणि 'मूळ स्वरूपात नाही' म्हणून गुण कापून निघून गेले. मालकाने ते मनाला लावून घेतलं नाही. त्याला श्रोते हवे होते. सकाळपासून त्याने येईल त्याला रोटर हाताने फिरवून दाखवले, दाबाचा हिशेब सांगितला, बर्किन सांगितला, गवतावरची दोन चाकं सांगितली. एका लहान मुलाला तो १८६० पासून सांगत असताना मुलाची आई आली आणि त्याला आइस्क्रीमकडे घेऊन गेली.

दुपारी ऊन चढलं. एक आजोबा काठी टेकत आले. टोपी मागे सरकवली, बॉनेटमध्ये बराच वेळ डोकावले.

"माझ्याकडे हीच होती," ते म्हणाले. "पासष्ट साली घेतलेली. झकास चालायची. कधी काही करावं लागलं नाही."

"हो, चांगलीच गाडी आहे."

आजोबांनी काठीचं टोक पुली, पट्टा आणि त्यामागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीकडे नेलं.

"हे मात्र नव्हतं बरं का आमच्या वेळी. काय आहे हे? एसी बसवलायस का?"

मालकाने तोंड उघडलं. रूट्स बंधू अगदी ओठांवर आले होते. मग त्याने आजोबांच्या कपाळावरचा घाम बघितला, आइस्क्रीमच्या गाडीपुढची रांग बघितली आणि तोंड मिटलं.

"हो," तो म्हणाला.

"छान केलंस," आजोबा म्हणाले. "गार होतं का चांगलं?"